ता. आष्टी, जि. डॉट इन

पाकिटावर नुसतं 'आष्टी' लिहून पत्र पोस्टात टाकणारा माणूस एकतर फार भोळा असावा, नाहीतर पत्र पोचूच नये अशी त्याची आतून इच्छा असावी. कारण महाराष्ट्रात आष्टी एक नाही. १९४२ च्या हुतात्म्यांची आष्टी वर्धा जिल्ह्यात आहे. वैनगंगेकाठची आष्टी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात आहे. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात एक आष्टी आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले जिथे पडले आणि पेशवाईचा उरलासुरला दम गेला, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातली. आणि या सगळ्यांना मागे टाकून बातम्यांत जास्त झळकणारी, दुष्काळाच्या यादीत हमखास असणारी, राजकारणात कायम तापलेली आष्टी ती बीड जिल्ह्यातली.

या बीडच्या आष्टीला २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून पहिली प्रवासी गाडी आली. रेल्वेने स्टेशनचं नाव ठेवलं 'न्यू आष्टी'. जुनी आष्टी कुठली, हा प्रश्न प्रवाशांनी आपापसांत सोडवायचा.

अशा गावच्या लोकांना इंटरनेटवरच्या नावांचं शास्त्र वेगळं शिकवायची गरज नसते, कारण ते त्यांना पाकिटावरून पाठ असतं. 'मु. पो. कडा, ता. आष्टी, जि. बीड' हा पत्ता लिहिणारा लहानाकडून मोठ्याकडे जातो आणि पोस्टातला माणूस तो उलटा वाचतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी गल्लीतला तो इसम. संकेतस्थळाचं नावही असंच उलटं वाचायचं असतं. 'बीड डॉट गव्ह डॉट इन' असं नाव समोर आलं की संगणक आधी शेवटच्या 'इन'कडे जाऊन विचारतो, 'गव्ह' कुठे राहतात? मग 'गव्ह'ला विचारतो, बीड कुठे? शेवटच्या ठिपक्यानंतरचा तो दोन-चार अक्षरांचा तुकडा म्हणजे टॉप लेव्हल डोमेन. नावात त्याच्या वर कुणी नाही. सोयीसाठी त्याला शेपूट म्हणू. पण ही जात अशी, की सगळा कारभार शेपटीच्या हातात.

पत्त्याच्या शेवटच्या ओळीचं महत्त्व आष्टीला जरा जास्तच कळावं, असं तिचं नशीबही आहे. हा तालुका निजामाच्या राज्यातल्या बीड जिल्ह्यात, आणि हाकेच्या अंतरावर इंग्रजांचा नगर जिल्हा. निजामाचं नाणं वेगळं, टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. १९४८ मध्ये निजामशाही संपली आणि आष्टी हैदराबाद राज्यात गेली. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. गाव जागेवरून हललं नाही, शेवटची ओळ मात्र बारा वर्षांत तीनदा बदलली. तेव्हा इंटरनेट असतं तर आष्टीच्या दुकानदारांनी पाट्या रंगवणाऱ्याला घरीच ठेवून घेतलं असतं.

पिनकोडचीही गंमत आहे. पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून त्यांची सहा आकडी पद्धत सुरू झाली. तिचे पहिले तीन आकडे टपाल कुठे वेगळं करायचं ते सांगतात. बीड शहराचा पिन ४३११२२, नगरचा ४१४००१ आणि आष्टीचा ४१४२०३. म्हणजे कलेक्टर बीडचा आणि पोस्टाच्या हिशेबात घराणं नगरचं. नगर जवळ पडतं म्हणून पोस्टाने सरळ तसं करून टाकलं. उगाच जिल्ह्याच्या अस्मितेत शिरलं नाही. इंटरनेटच्या कर्त्यांनाही असाच व्यवहार साधायचा होता. त्यांचा बेत मात्र फार काळ टिकला नाही.

त्यांची मूळ अडचण अगदी साधी होती. १९७० च्या दशकात जोडलेले संगणक इतके थोडे होते, की सगळ्यांची नावं एकाच यादीत मावत. ही यादी कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी सांभाळत. नवा संगणक आला की तिकडे कळवायचं. त्या नाव लिहून घेणार. मग जगभरच्या संगणकांनी ती यादी उतरवून घ्यायची. एकच नाव दोघांना देता येत नसे. संगणक वाढले तशी यादी फुगली, आणि ती उतरवून घेण्यातच वेळ जायला लागला. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोडगा काढला: एक यादी नकोच. प्रत्येक शेपटीचा एक सांभाळणारा असावा, आणि आपल्या हद्दीतली नावं त्याने बघावीत.

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉयस रेनॉल्ड्स यांनी शेपटांची यादी जाहीर केली. व्यापाऱ्यांना 'कॉम', शिक्षणसंस्थांना 'ईडीयू', सरकारला 'गव्ह', लष्कराला 'मिल', आणि यांत कुठेच न बसणाऱ्यांना 'ओआरजी'. जाळी चालवणाऱ्यांसाठी 'नेट' लगेच नंतर आलं. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स नावाच्या कंपनीने पहिलं डॉट कॉम घेतलं. पोस्टेल हे दाढीवाले, सँडल घालणारे गृहस्थ होते. पुढची काही वर्षं कुणाला कुठलं शेपूट मिळावं याची नोंद ते जवळजवळ एकहाती ठेवत होते. आज ज्यावर कोट्यवधी डॉलरचे खटले चालतात, ते काम तेव्हा एका माणसाच्या टेबलावर होत होतं आणि नाव नोंदवायला फी नव्हती. वर्षाला पन्नास डॉलरची फी सुरू झाली ती १९९५ च्या सप्टेंबरात.

या यादीतलं 'सरकार' म्हणजे फक्त अमेरिकेचं सरकार, आणि 'लष्कर' म्हणजे फक्त अमेरिकेचं लष्कर. बाकीच्या जगाने आपापल्या देशाचं शेपूट लावायचं. ब्रिटननेही टपालात हेच केलं होतं. १८४० मध्ये जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट त्यांनी काढलं, तेव्हा त्यावर देशाचं नाव छापायची गरज वाटली नाही, आणि आजही ब्रिटिश तिकिटांवर ते नसतं. ज्याने दुकान आधी उघडलं त्याला पाटी लागत नाही. म्हणून वॉशिंग्टनला नुसतं 'गव्ह' पुरतं आणि बीडच्या कलेक्टर कचेरीला 'गव्ह डॉट इन' लिहावं लागतं.

आता 'कॉम' म्हणजे व्यापाऱ्यांचं आणि 'नेट' म्हणजे जाळ्यांचं, हा नियम पाळला जावा असं कर्त्यांना वाटत होतं. पण पाळला जातो की नाही हे बघायला कुणाला नेमलं नाही. त्यामुळे व्हायचं तेच झालं. पैसे देईल त्याला काहीही मिळू लागलं, आणि सगळे कॉमकडे धावले. व्यापारी धावले, शाळा धावल्या, मंदिरंही धावली. काही दिवसांनी लोकांना वाटू लागलं, की कॉम हा संगणकाच्याच एका भागाचा प्रकार असावा.

देशांच्या बाबतीत मात्र पोस्टेल यांनी मोठी हुशारी केली. कुठला भूभाग देश आणि कुठला नाही, या वादात पडणं म्हणजे हात भाजून घेणं. देशांच्या दोन अक्षरी संकेतांची आयएसओची एक आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती. १९९४ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं, की देश कोणता हे ठरवणं आमचं काम नाही. त्या यादीत असेल त्याला शेपूट मिळेल. पुढे काय होईल याचा अंदाज तेव्हा कुणालाच नव्हता.

झालं असं, की दोन अक्षरं वाटताना काहींना लॉटरी लागली. प्रशांत महासागरातल्या तुवालूला 'टीव्ही' मिळालं. देश जेमतेम २६ चौरस किलोमीटरचा. नारळ, मासे आणि भरतीची भीती, एवढीच इस्टेट. पण जगभरच्या वाहिन्यांना 'डॉट टीव्ही' हवं झालं, आणि त्यातून आलेल्या पैशावर तुवालू २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. कॅरिबियनमधल्या अँग्विलाला 'एआय' मिळालं. कैक वर्षं त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग कृत्रिम बुद्धिमत्तेचं वारं सुटलं, आणि २०२३ मध्ये त्या बेटाच्या सरकारच्या तिजोरीत सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर या दोन अक्षरांनी आणून टाकले. सरकारच्या एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा! आष्टी तालुक्यात पावसाच्या भरवशावर तूर पेरणाऱ्याला हे ऐकवलं, तर पेरायला बियाणं कुठं मिळतंय एवढंच तो विचारेल.

उलट नशीबही असतं. 'आयओ' हे शेपूट संगणकवाल्यांचं लाडकं, पण ते आहे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं. तिथल्या मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटनने हाकलून लावलं. जिथे आता फक्त लष्करी तळ आहे, त्या बेटांच्या नावावर जगभरचे तरुण उद्योजक दुकानं थाटून बसले आहेत. मे २०२५ मध्ये ही बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तेव्हापासून आपल्या शेपटाचं काय होणार, ही काळजी चागोसचा नकाशाही न पाहिलेल्यांना लागली आहे.

देश मेला तरी शेपूट मरेलच असं नाही. सोव्हिएत संघाला 'एसयू' मिळालं सप्टेंबर १९९० मध्ये, आणि सव्वा वर्षात देशच गेला. शेपूट अजून वळवळतंय. युगोस्लाव्हियाचं 'वाययू' मात्र २०१० मध्ये बंद झालं. स्वाझीलँडने २०१८ मध्ये नाव बदलून इस्वातिनी केलं, पण 'एसझेड' तेच ठेवलं. अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यावर किती पाट्या, किती शिक्के आणि किती लेटरहेड बदलावी लागली हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना इस्वातिनीचा समंजसपणा लगेच पटेल.

भारताचं 'इन' आलं ८ मे १९८९ रोजी, तेही मुंबईत. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि त्यांच्या मंडळींनी देशातली विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडायचं काम चालवलं होतं. 'इन'चा सांभाळ त्यांच्याकडे आला. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून सहा वर्षं होती. विदेश संचार निगमने ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलं. 'इन'चे नियम मात्र असे कडक, की १९९२ ते २००४ एवढ्या काळात जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. ज्यांना घाई होती त्यांनी अमेरिकेच्या कॉमला आपलंसं केलं. २००५ मध्ये दार सताड उघडलं तेव्हा कुठे 'इन'ला गर्दी झाली.

तोवर नावांवरून भांडणंही मुंबईत येऊन पोचली होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'रेडिफ डॉट कॉम'ला दिसलं, की कुणीतरी 'रॅडिफ डॉट कॉम' उघडून बसलंय. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये न्यायालयाने रॅडिफला ते नाव वापरायला मनाई केली. संकेतस्थळाचं नाव ही नुसती पाटी नाही, ती मालमत्ता आहे, हे कोर्टाने मान्य केलं. ज्या राज्यात बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात, तिथे एका अक्षरावरून जाणं म्हणजे फार मोठी मजल नव्हे.

'इन'च्या आत पोटशेपटं काढायची सोय आहे. 'को डॉट इन', 'ओआरजी डॉट इन' ही जुनी. अलीकडे त्यांत 'बिहार डॉट इन', 'दिल्ली डॉट इन', 'गुजरात डॉट इन' अशी भर पडली. 'यूपी'सुद्धा आहे. महाराष्ट्र नाही. या विषयावर अजून मोर्चा निघालेला नाही, हे पाहता बातमी योग्य ठिकाणी पोचली नसावी.

खरी जत्रा भरली ती २०१२ नंतर. नावांचा जागतिक कारभार आता 'आयकॅन' ही संस्था बघते. तिने सांगितलं, की एक लाख पंच्याऐंशी हजार डॉलर भरा आणि स्वतःचं शेपूट मागा. टाटांनी 'डॉट टाटा' मागितलं. आता टाटा हे नाव टाटांनाच मिळणार, यात कुणाला शंका? पण मोरोक्कोत टाटा नावाचा एक प्रांत निघाला, आणि आयएसओच्या प्रांतांच्या यादीत तो नोंदलेलाही होता. मिठापासून ट्रकपर्यंत सगळं विकणाऱ्या घराण्याच्या आडनावावर वाळवंटाच्या कडेच्या एका प्रांताचा हक्क पुढे आला. अखेर टाटांना शेपूट मिळालं. पुढच्या फेरीची फी २ लाख २७ हजार डॉलर ठरली आहे. 'डॉट आष्टी' काढायचं कुणाच्या मनात आलंच, तर रुपयांतला हिशेब करून तो आधी बसेल, पाणी पिईल आणि मग त्याला गडचिरोलीची हरकत आठवेल.

हे सगळं जगाचं राजकारण झालं. गावात शेपटाशी संबंध येतो तो सेवा केंद्रात. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी कचेरीच्या आसपास अशी केंद्रं असतातच: एक संगणक, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, आणि दारात सातबारा, पीकविमा, आधार अशी अक्षरं चिकटवलेली. तिथला संवाद साधारण असा चालतो.

"तात्या, ही लिंक कुणी पाठवली?"

"मेव्हण्यानं."

"आन् मेव्हण्याला?"

"ग्रुपवर आली म्हणला."

पोरगा पडद्याच्या उजवीकडे बोट ठेवतो. "हे बघा, शेवटी काय हाय? डॉट नेट. सरकारचं आसलं की गव्ह डॉट इन आसतंय."

"पण आधी कुसुम योजना लिहिलंय की!"

"आधी काय बी लिहिता येतंय, तात्या."

या एका वाक्यात मोकापेट्रिस आणि पोस्टेल दोघांचं म्हणणं आलं. सौरपंपाच्या कुसुम योजनेच्या नावाने इतकी बनावट संकेतस्थळं निघाली, की केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला शेतकऱ्यांसाठी वेळोवेळी इशारे काढावे लागले. त्यांत 'कुसुमयोजनाऑनलाइन डॉट इन डॉट नेट' असं एक नाव होतं. त्यात 'इन' आहे, पण मधे, शेवट नेटचा. 'पीएमकिसानकुसुमयोजना डॉट को डॉट इन' असंही होतं. त्याचा शेवट अस्सल भारतीय, पण सरकारशी नातं शून्य. नोंदणीचे पैसे भरले, पंप काही आला नाही.

आता पोराचा नियम पक्का म्हणावा, तर महावितरण आडवी येते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरायचा, आणि ते आहे 'महाडिस्कॉम डॉट इन'. त्यात 'गव्ह' नाही. रेल्वेचं तिकीट काढायचं ते 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन' वर. दोन्ही अस्सल. म्हणजे तात्यांना आधी नियम शिकवायचा आणि मग अपवाद. तोवर मेव्हण्याने नवी लिंक पाठवलेली असते.

बँकांनी तर ग्राहकांची परीक्षाच घेतली. एकट्या स्टेट बँकेने डॉट कॉम वापरलं, को डॉट इन वापरलं, पैसे मोजून स्वतःचं 'डॉट एसबीआय' काढलं, आणि आता ती 'बँक डॉट इन'वर आली. हे शेवटचं रिझर्व्ह बँकेच्या हुकमाने. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं, की सगळ्या बँकांनी 'बँक डॉट इन' हेच शेपूट लावावं, आणि पुढे ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नोंदणी करणारी संस्था एकच, हैदराबादची. परवाना नसलेल्याला ते नाव मिळत नाही. १९८४ मध्ये शेपटांमागे जो हेतू होता, तो चाळीस वर्षांनी असा एका कोपऱ्यात खराखुरा अमलात आला. पतसंस्थांना आणि मल्टिस्टेटना हे शेपूट मिळत नाही. बीड जिल्ह्यात अशा संस्थांत ठेवी अडकलेल्यांना ही माहिती जरा आधी मिळाली असती, तर बरं झालं असतं. अर्थात तेव्हा त्यांनी कुठल्या संकेतस्थळावर भरवसा ठेवला नव्हता. एजंट भावकीतला होता.

राहता राहिलं देवनागरी. २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी हिंदी, कोकणी, नेपाळीसह ज्या आठ भाषांना ते मिळालं त्यांत मराठी होती. नंतर तमिळ, बंगाली, उर्दू, संथाळी करत भारतीय भाषांसाठी पंधरा शेपटं झाली. इतकी जगात दुसऱ्या कुठल्याही देशाकडे नाहीत. मराठीची तर आणखी एक सोय आधीच झालेली होती. हिंदीवाला वाक्य दंडाने संपवतो, आणि संकेतस्थळाच्या नावात दंड चालत नाही. मराठीने इंग्रजी पूर्णविराम केव्हाच उचलून घरचा केला होता, त्यामुळे आपला ठिपका तयार.

पण आतली यंत्रणा अजून इंग्रजी अक्षरांवरच चालते. 'भारत' असं टाइप केलं, की संगणक त्याचं गुपचूप 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' करतो आणि पुढे पाठवतो. देशाचं नाव असं गाडीच्या चेसिस नंबरासारखं झालेलं सहसा कुणाला दिसत नाही, ते बरंच आहे. कधी एखादा ब्राउझर तेच पडद्यावर दाखवतो. मग ज्याने हौसेने दुकानाचं नाव मराठीत घेतलेलं असतं, त्याला गिऱ्हाइकाचा फोन येतो, की तुमच्या साइटवर व्हायरस आलाय.

तरी असे हौशी आहेत. नाव देवनागरीत, शेपूट देवनागरीत, ई-मेलही देवनागरीत. कार्डावर इंग्रजीचं एक अक्षर नाही. मग कधीतरी कसला तरी ऑनलाइन फॉर्म भरायची वेळ येते. भाषा निवडा: मराठी. नाव: मराठीत. पत्ता: मु. पो., ता., जि., सगळं मराठीत. ई-मेलच्या चौकटीत तो 'डॉट भारत'चा पत्ता टाकतो. चौकट लाल होते आणि खाली शुद्ध मराठीत अक्षरं उमटतात: कृपया वैध ई-मेल टाका.